चिझुरूसानची झील

जपानी माणूस सहसा ‘नाही’ म्हणत नाही. ‘जरा अवघड आहे’ म्हणतो, दातांच्या फटीतून हवा आत ओढतो, छताकडे बघतो. पुढचं आपण समजून घ्यायचं असतं. ओगाता आजोबा मात्र त्या सकाळी सरळ मान हलवून नाही म्हणत होते, आणि तेही चिझुरूसानचा स्पर्धेत गायचा नंबर तासाभरावर आलेला असताना.

“आवाजच नाही?” चिझुरूसाननी विचारलं.

आजोबांनी गळ्याभोवती गुंडाळलेल्या टॉवेलकडे बोट दाखवलं, तोंडावरचा मास्क खाली केला, आ वासला आणि घशातून नुसती हवा काढून दाखवली. मग मास्क परत वर.

“काल संध्याकाळी तर माझ्या दुकानात येऊन भांडत होतात. लोणच्यात मीठ जास्त झालंय म्हणून.”

आजोबा कमरेत वाकले. वाकलेल्या म्हाताऱ्याला काय बोलणार? चिझुरूसान किमोनोच्या बाह्या सावरत खुर्चीवर बसल्या. मी हातातले जेवणाचे डबे तिथंच जमिनीवर ठेवून दिले.

बरीच वर्षं झाली याला. माझा नवरा सुहास पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं त्याला जपानच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात धाडलं आणि त्याच्या मागोमाग मी. गावात तिसरा भारतीय माणूस औषधालाही नव्हता. सुहास दिवसभर खांबांवर आणि मी दिवसभर खिडकीत. शेवटी वेड लागायच्या आत कोपऱ्यावरच्या डब्यांच्या दुकानात जाऊन मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, की मला काम द्याल का? दुकानाच्या मालकीण चिझुरूसान. ‘सान’ म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’ किंवा ‘राव’सारखं. पन्नाशीच्या, बुटक्या, तोंडानं फटकळ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तांदूळ धुवायला बसवलं.

माझं नाव मंगल. ते काही त्यांना म्हणता यायचं नाही, त्या मला ‘मांगारु’ म्हणायच्या. मी तक्रार केली नाही. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सुनेत्रा’ लिहून माझं नावच बदललं होतं, त्या मानानं मांगारु बरं. निदान ते माझ्या नावापासून निघालं होतं.

त्या गावाचं एक गाणं आहे. एकच. होड्या घेऊन गेलेल्या पुरुषांसाठी किनाऱ्यावरच्या बायका म्हणायच्या ते. दर शरदात गावात त्याची स्पर्धा भरते आणि देशभरातून गायिका येतात. कुणी परिचारिका, कुणी बसची कंडक्टर, कुणी नातवंडांना शेजारी सोपवून आलेली. सगळ्याजणी दिवसभर तेच एक गाणं गातात. पहिल्या वर्षी मला ती शिक्षा वाटली होती. दुपारपर्यंत माझे कान उघडले आणि तोंडाला कुलूप लागलं. एकीचा सूर तलवारीसारखा सरळ जायचा, दुसरीचा शेवटाला असा काही थरथरायचा की अंगावर काटा यावा. आपण जिला मुरकी म्हणतो ती या बायका पोटातून काढतात, आणि चेहऱ्यावर रेष हलत नाही.

त्या गाण्याला सात ओळी. प्रत्येक ओळ एका दमात म्हणायची, मध्ये श्वास तुटला की संपलं. आणि दोन ओळींच्या मध्ये गाणारी श्वास घेते, तेव्हा तिच्या मागं गुडघे टेकून बसलेला जोडीदार हाक देतो: ‘होई... होई’. गाण्यात भोक पडू नये म्हणून. ती हाक किती लांब, हे गावात ओगाता आजोबांनी ठरवून दिलेलं. बंदरावरून निवृत्त झालेला हा माणूस गाणं जपणाऱ्या मंडळात सगळ्यात जुना. अर्ध्या गावाला त्यांनीच हाक शिकवलेली. हातात कागदी पंखा उघडून बसायचे. पंखा मिटला की हाक संपली. वर्षानुवर्षं तो पंखा एकाच वेळी मिटत आला होता.

चिझुरूसान तरुणपणी ही स्पर्धा जिंकलेल्या. पुढं फुप्फुसाचं दुखणं झालं, एका बाजूचा तुकडा कापून काढावा लागला, आणि त्या कितीतरी वर्षं गायल्याच नाहीत. माझ्या तिथल्या पहिल्या वर्षी त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. पाच ओळी अशा गायल्या, की माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. सहावी ओळ सगळ्यात लांब. तिच्या अर्ध्यात त्यांचा श्वास संपला. त्या उघड्या तोंडानं उभ्या राहिल्या, मग वाकून नमस्कार केला आणि आत गेल्या. मागं बसलेल्या आजोबांची पुढची हाक घशातच राहिली.

“यंदा तुटलं तर मला मानाची खुर्ची देतील,” दुकानात त्या मला म्हणाल्या होत्या.

“मग चांगलंच की.”

“काय चांगलं? पहिल्या रांगेत बसायचं, चहा प्यायचा, दुसऱ्यांचं ऐकायचं. एकदा त्या खुर्चीत बसलेली बाई परत मंचावर चढत नाही. इथं माणसाला हाकलत नाहीत मांगारु, सन्मानानं गप्प बसवतात.”

मला त्या खुर्चीचा मनापासून राग आला. कारण तसली एक खुर्ची मलाही मिळालेली होती.

मी शाहिराची मुलगी. कोल्हापूरच्या दक्षिणेला, आमच्या भागात, शाहीर दौलतआप्पा म्हटलं की लोक रस्ता द्यायचे. आप्पांच्या पोवाड्यात मागं ‘जी जी रं जी’ करून झील धरायला माझा चुलता आणि मी. शाहीर थांबला की झीलकऱ्यानं सूर उचलायचा, तो पुन्हा सुरू झाला की खाली ठेवायचा. नऊवारीचा काचा मारून मी कानाला हात लावला की माझी झील पटांगणाच्या पार टोकाला पोचायची. सासूबाईंनी लग्नाच्या मांडवातच मला बाजूला घेतलं होतं. “शाहिराची मुलगी आणली हे आम्ही कौतुकानं सांगू, पण तू मागं उभी राहत होतीस ते काही कुणाला बोलू नकोस. आमच्यात चालत नाही.” फार गोड शब्दांत म्हणाल्या, माझ्या अंगावर नवी पैठणी घालून म्हणाल्या. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. सुहासला तर माझा आवाजच ठाऊक नव्हता.

तर तांदूळ. रोज पहाटे चिझुरूसान भात लावता लावता गाणं घोळवायच्या आणि मी तांदूळ धुवायची. एके दिवशी त्यांनी पहिली ओळ संपवली, श्वास घ्यायला थांबल्या, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “जी जी रं जी.” तेही पटांगणातल्या आवाजात. त्या इतक्या दचकल्या, की डावच हातातून पडला. मग ओट्याला धरून हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि म्हणाल्या, “परत कर.”

हळूहळू मी त्यांची हाक शिकले. सोपी नव्हती. आपली झील म्हणजे छातीवर येणारी. शाहिराच्या वर चढायचं आणि त्याला ओढून वर न्यायचं. इथं हाक गाणाऱ्याच्या सावलीत राहायला हवी. मी पुन्हा पुन्हा वर चढायची. एकदा ओगाता आजोबांनी ऐकलं आणि त्यांचा पंखा माझ्या समोर फाटकन मिटला.

“ही हाक नाही,” ते म्हणाले. “ही बंदरात शिरलेली बोट आहे.”

चिझुरूसान पदराआड तोंड लपवावं तशी बाही तोंडावर धरून हसत होत्या. मी मात्र चिडले, आणि चिडूनच आवाज खाली आणायला शिकले. थंडी संपेपर्यंत माझी हाक त्यांच्या सुराखाली अंथरुणासारखी पसरायला लागली. त्या गायच्या, मी तांदूळ धुवायची आणि हाक द्यायची. एका पहाटे सहावी ओळ आली आणि त्या एका दमात शेवटापर्यंत गेल्या. गेल्यावर स्वतःच गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या.

“आज कसं काय जमलं?”

“मला काय माहीत? तुम्ही गायलात.”

तेवढ्यात आमचं लक्ष दाराकडे गेलं. ओगाता आजोबा उभे होते. किती वेळ, कोण जाणे. हातात कांद्याच्या पातीची जुडी, घरच्या वाफ्यातली, दुकानासाठी आणलेली. मी घाबरले. आता पंखा निघणार. पण त्यांनी पंखा काढला नाही. माझ्याकडे बघितलं, चिझुरूसानकडे बघितलं आणि पाठ फिरवून निघून गेले. कांद्याची पातसुद्धा परत घेऊन गेले.

“रागावले,” मी म्हणाले.

“म्हातारा झालाय,” चिझुरूसान म्हणाल्या.

आता स्पर्धेच्या दिवशी हाच म्हातारा आवाज गमावून समोर उभा होता. मंडळाचा एक तरुण कार्यकर्ता धावत आला. म्हणाला, काळजी नको, मंडळाकडे हाक देणारे आहेत, कुणालाही मागं बसवू. सगळे ओगातासानच्याच हाताखाली तयार झालेत, हाक केसाएवढीही इकडं तिकडं होणार नाही.

“मला मांगारु पाहिजे,” चिझुरूसान म्हणाल्या.

त्या मुलानं माझ्याकडे बघितलं. अंगात सलवार-कमीज, वर कंपनीचं जाड जाकीट, पायाशी डबे. त्यानं दातांच्या फटीतून हवा आत ओढली. छताकडे बघितलं.

“जरा अवघड आहे,” तो म्हणाला.

“नियमात कुठं आहे की हाक देणारा इथलाच हवा?”

“नियमात नाही. पण आजवर तसं...”

“आजवर ही आलीच कुठं होती इथं?”

मी म्हणाले, “चिझुरूसान, नको. माझ्यामुळं तुमचं तुटलं तर?”

“माझं माझ्यामुळं तुटतं,” त्या म्हणाल्या. “तू फक्त रोजच्यासारखे तांदूळ धू.”

तो मुलगा मदतीसाठी आजोबांकडे वळला. हाकेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. आजोबांना शब्द तर काढता येत नव्हता. त्यांनी अंगातला काळा कोट काढला, छातीवर घराण्याचं चिन्ह असलेला, मंचावर घालायचा. माझं जाकीट उतरवायला लावलं आणि तो कोट माझ्या खांद्यावर टाकला. बाह्या माझ्या बोटांच्याही खाली आल्या. त्यांनी त्या दुमडून दिल्या, नीट, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दुमडाव्यात तशा. मुलगा वाकला आणि निघून गेला.

मंचावर गेलो तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. पाचव्या-सहाव्या रांगेत मला सुहास दिसला. हातात माझी पर्स, चेहऱ्यावर ‘ही तिथं काय करतेय’ असा भाव. पहिल्या रांगेत परीक्षक आणि त्यांच्या शेजारी ओगाता आजोबा, गळ्यात टॉवेल, हातात पंखा उघडलेला. मी चिझुरूसानच्या मागं गुडघे टेकले. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची पाठ, आणि पाठीवर कमरपट्ट्याची ती मोठी, उशीएवढी गाठ.

बांबूची लांब बासरी सुरू झाली आणि चिझुरूसाननी पहिली ओळ उचलली.

त्या कशा गायल्या हे मला अजून नीट सांगता येत नाही. आवाज मोठा नव्हता. सूर पाण्यावरून निघाल्यासारखा निघाला, दूर गेला, तिथं जरा थांबला, थरथरला आणि परत आला. माणूस परत येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईचा आवाज होता तो. मी हाक दिली. दुसरी ओळ, हाक. तिसरी, चौथी. पाचवीच्या शेवटी त्यांनी सूर असा वळवला, की परीक्षकांतल्या एका म्हातारीनं मान खाली घातली.

आता माझी हाक, आणि मग ती सहावी ओळ.

“होई...” मी सुरू केलं. समोरची गाठ खाली गेलेली होती. दर वेळी ती वर यायची आणि मला कळायचं, श्वास भरला. या वेळी ती येईना. अर्धी वर आली आणि अडकली. हाक संपायची वेळ झाली. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. बासरीवाल्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं: सोड.

आणि मला आप्पा दिसले.

म्हातारपणी आप्पांना दमा झाला होता. हे गावात कुणालाही माहीत नव्हतं, कारण कुणाला ते ऐकूच आलं नाही. पोवाड्याचा एक चौक गाऊन संपला की ते डफ वर धरून उभे राहायचे, लोकांना वाटायचं शाहीर ऐटीत उभा आहे. प्रत्यक्षात ते श्वास गोळा करत असायचे. तेवढा वेळ मी झील धरून असायची. पहिल्या जत्रेत मी गोंधळून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, तर घरी येऊन म्हणाले होते, “तोंड बघू नगंस पोरी. तोंड खोटं बोलतंय. पाठ बघ. पाठ वर आली की मगच सोड. तंवर जीव गेला तरी सोडू नगंस.”

मी सोडलं नाही. हाकेचा शेवटचा सूर धरला, खालीच, सावलीत, आणि तो हळूच वळवला, आप्पांच्या मागं झील धरताना मी द्यायची तसा एक वळसा. मग दुसरा. सभागृहात काहीतरी हललं. परीक्षकांची डोकी एकदम पहिल्या रांगेच्या टोकाकडं वळली, ओगाता आजोबांकडं, कारण हाक लांबली की पंखा मिटणार हे सगळ्या गावाला पाठ होतं.

आजोबा पंख्यानं वारा घेत होते. निवांत, त्या गारठ्यात, जसं काही त्यांना फार उकडत होतं.

माझा स्वतःचा दम संपत आला. छातीत जाळ झाला. मी तिसरा वळसा घेतला, आणि गाठ वर आली. पूर्ण, भरून, खांद्यांपर्यंत. मी सूर खाली ठेवला आणि चिझुरूसाननी तो तिथूनच उचलला.

सहावी ओळ एका दमात गेली. मध्यावर, गेल्या वर्षी जिथं तुटली होती तिथं पोचली, तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांनीच श्वास धरलेला होता. ती पुढं गेली. आणखी पुढं. शेवटाला त्यांनी मुरकी घेतली, उगीच, ऐट म्हणून, हवा उरली होती म्हणून. सातवी ओळ तर त्या हसत गायल्या. पाठीमागूनही मला ते कळलं.

टाळ्या थांबेचनात. चिझुरूसान वाकल्या, वर आल्या, आणि तिथल्या रीतीत नाही ते केलं: मागं वळून मला हाताला धरून उभं केलं. माझे पाय बधिर झाले होते, मी त्यांच्या अंगावरच पडले.

निकाल संध्याकाळी लागला. परीक्षकांतल्या त्या म्हातारीनं चिझुरूसानचं नाव पहिलं म्हणून वाचलं. वाचून ती थांबली, चष्मा काढला आणि म्हणाली, “जुन्या काळी बायका किनाऱ्यावरून हाक द्यायच्या, तेव्हा होडीचं उत्तर येईपर्यंत देत असत, असं माझी आई सांगायची. आज मला ते ऐकायला मिळालं.” चिझुरूसान चषक घेऊन मंचावर उभ्या होत्या, माझा हात घट्ट धरून. एवढी फटकळ बाई, पण तिला एक शब्द सुचेना. सभागृहही गप्प झालं, त्या काय बोलतात ते ऐकायला.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून हाक आली.

“होईईई...”

खणखणीत. बंदरात शिरलेल्या बोटीसारखी. भिंतींना आदळून परत आली.

सगळे वळले. ओगाता आजोबा उभे होते. मास्क हनुवटीवर, टॉवेल खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांतून पाणी, आणि घसा ठणठणीत. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी घाईघाईनं मास्क वर ओढला आणि एक खोटा खोकला काढला. सगळं सभागृह हसायला लागलं.

मला तेव्हा कांद्याची पात आठवली. त्या पहाटे माझी हाक नकळत लांबली होती, ते दारातून त्यांनी ऐकलं होतं. आयुष्यभर शिकवलेली हाक त्यांना स्वतःच्या तोंडानं लांबवता येईना, आणि त्या हाकेत चिझुरूसानचा श्वास मावेना. म्हणून म्हाताऱ्यानं आवाजच घालवून टाकला होता.

“लबाड,” चिझुरूसान रडत रडत म्हणाल्या. “लोणच्याला नावं ठेवताना बरा आवाज होता.”

आणि मग मला राहवलं नाही. मी दुमडलेल्या बाह्या आणखी वर सारल्या, एक हात कानाला लावला आणि आजोबांच्या हाकेला उत्तर दिलं. सावलीतलं नाही, पटांगणातलं. “जी जी रं जी जी.” पार टोकापर्यंत. सुहास माझी पर्स छातीशी धरून उभा राहिला होता, तोंड उघडं.

“हे तुला कधीपासून येतं?” बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

“लग्नाआधीपासून,” मी म्हणाले. “सुट्टीत घरी गेलो की आईंनाही ऐकवणार आहे. मागं उभं राहून.”